पोलो जीटी ठेवावी की बदलावी?

चाकणच्या कारखान्यातून बारा वर्षे बाहेर पडत असलेली फोक्सवॅगन पोलो २०२२ साली ‘लेजंड एडिशन’ या अखेरच्या आवृत्तीने बंद झाली. तिची जीटी टीएसआय ही जोरकस आवृत्ती एप्रिल २०१३ मध्ये बाजारात आली होती. चार मीटरच्या आतली लांबी, १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात वेगांचा डीएसजी स्वयंचलित गिअरबॉक्स अशी तिची बांधणी. त्या काळी याच आकाराच्या इतर पेट्रोल गाड्या ऐंशी-पंच्याऐंशी अश्वशक्तीवर समाधानी होत्या. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या चालकाला हा फरक पहिल्याच वळणावर कळत असे, आणि तो कळल्यामुळेच अनेकांनी ऐपतीपेक्षा थोडे अधिक पैसे मोजून ही गाडी घेतली.

आता त्या मालकांसमोर प्रश्न आहे. पहिल्या तुकडीतील गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ मध्ये संपेल. सर्वांत अलीकडची पोलोही २०२२ सालचीच. मधल्या काळात अनेकांची लग्ने झाली, मुले झाली, आईवडिलांचे गुडघे दुखू लागले. गॅरेजची बिले वाढू लागली की घरात विषय निघतो : आता मोठी गाडी घ्यावी का? हा निर्णय बहुधा एखाद्या मोठ्या बिलाच्या दिवशी रागाने घेतला जातो, किंवा शोरूममधल्या चाचणी फेरीनंतर उत्साहाने. दोन्ही वेळा हिशेब चुकण्याचा संभव असतो.

बदलून नेमके काय मिळणार?

पहिली अडचण अशी की, ज्या जातीची गाडी हातात आहे ती जातच विरळ झाली आहे. २०१५ मध्ये आलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो फियाटबरोबर गेली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि चालवायला गोड असलेली फिगोही संपली. २०१७ ची मारुती बलेनो आरएस बीएस-सहा निकषांच्या वेळी मागे पडली. खुद्द पोलोची २०१७ साली युरोपात आलेली पुढची पिढी भारतात आलीच नाही. तिची लांबी चार मीटरच्या वर गेली होती, आणि आपल्याकडे चार मीटरच्या पलीकडे वेगळा कर सुरू होतो.

उरलेल्यांत ह्युंदाईची आय-२० एन लाइन ही १२० अश्वशक्तीची गाडी २०२१ मध्ये आली. टाटाने जून २०२४ मध्ये तेवढ्याच शक्तीची अल्ट्रोझ रेसर आणली. या दोन्हींत पोलोपेक्षा सोयी जास्त आहेत, पण पोलोच्या मालकाला त्यांत ‘वरची पायरी’ चढल्यासारखे वाटेलच असे नाही. पंधरा अश्वशक्तींसाठी कर्ज काढणारा माणूस सहा महिन्यांत जुन्या गाडीची आठवण काढू लागतो.

खरी वरची पायरी म्हणून बहुतेकांच्या नजरेसमोर असते ती जून २०२२ मध्ये आलेली फोक्सवॅगन व्हर्टस, त्यातही १.५ लिटरची १५० अश्वशक्तीची आवृत्ती, किंवा तिचेच भावंड असलेली स्कोडा स्लाव्हिया. तिची ओढ २५० न्यूटन-मीटर आहे. पोलो जीटी टीएसआयची १७५ होती. घाटात मालवाहू ट्रक ओलांडताना हे अंतर कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठे भासते. मात्र ही सेडान आहे. पोलोची लांबी ३९७१ मिलिमीटर, व्हर्टसची ४५६१. जवळजवळ साठ सेंटिमीटर जास्त. मळ्यातील किंवा फोंतेईन्यासमधील गल्लीत राहणाऱ्याने, अथवा जुन्या वाड्याच्या दाराशी अंगणात गाडी लावणाऱ्याने, शोरूमला जाण्याआधी घरची जागा फितीने मोजावी. रुंदीही सात सेंटिमीटरने वाढते.

आणखी एक गोष्ट. आईवडिलांना चढउतार करताना त्रास होतो म्हणून जे गाडी बदलतात, त्यांनी सेडान घेऊन तो प्रश्न सुटत नाही. व्हर्टसमध्ये मागे पाय पसरायला जागा भरपूर आहे, पण आसन पोलोइतकेच खाली आहे. गुडघ्यांसाठी उंच आसनाची गाडी लागते, आणि उंच गाडी वळणावर पोलोसारखी वागत नाही. कुणासाठी बदलायचे हे घरात आधी ठरले नाही, तर नव्या गाडीवर चालक आणि वडीलधारे दोघेही नाराज राहतात.

ज्याची भीती वाटते तो गिअरबॉक्स

जीटी टीएसआयच्या मालकांची झोप उडवणारा भाग म्हणजे तिचा सात वेगांचा डीएसजी. त्यात दोन कोरडे क्लच असतात : एक विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअरसाठी. एका गिअरवर गाडी चालू असताना पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल क्षणात होतो. तेलात बुडालेला क्लच उष्णता तेलाला देतो. कोरड्या क्लचला ती सोय नाही. मोकळ्या महामार्गावर त्याने काही बिघडत नाही. पर्वरीला उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून तेथे जशी रांग लागते, तशा रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवत नेली की क्लच सतत घसरतो आणि तापतो. ब्रेक अर्धवट सोडून गाडी रांगू देण्याची सवय या गिअरबॉक्सला सर्वांत घातक. पुढे दोन गाड्यांची जागा होईपर्यंत थांबावे, मग एकदम पुढे जावे. थांबणे लांबले तर न्यूट्रल टाकावे.

क्लचखेरीज ‘मेकॅट्रॉनिक’ नावाचा नियंत्रक असतो. गिअर कधी बदलायचा हे ठरवणारे इलेक्ट्रॉनिक्स आणि तो बदलणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा त्यात एकत्र असते. तो बिघडला की गिअरचे चिन्ह पटलावर लुकलुकते, काही गिअर नाहीसे होतात, कधी गाडी जागेवर थांबते. हा गिअरबॉक्स जगभर वादग्रस्त ठरला होता. २०१३ मध्ये चीनमध्ये कंपनीने त्यासाठी ३ लाख ८० हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. नवा मेकॅट्रॉनिक बसवण्याचे बिल लाखाच्या पुढे जाते. चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये तोच भाग दुरुस्त होऊ शकतो आणि खर्च बराच खाली येतो. म्हणून पहिल्या अंदाजपत्रकावर गाडी विकण्याचा निर्णय घेऊ नये; दुसरे मत घ्यावे.

ही चिंता सर्व पोलोंना लागू नाही. २०२० नंतरच्या १.० लिटरच्या ११० अश्वशक्तीच्या गाड्यांना सहा वेगांचा हाती किंवा टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. ते इंजिन व्हर्टसमध्येही वापरले जात असल्याने सुट्या भागांची ओढाताण नाही. डिझेलच्या जीटी टीडीआयला हाती गिअरबॉक्स आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील बंदीचा आदेश दिल्ली परिसरापुरता आहे. गोव्यातील मालकाने त्या बातम्या वाचून घाईने गाडी काढण्याचे कारण नाही. एकूण पोलोचेच उत्पादन थांबले असले तरी व्हेन्टो, अॅमिओ आणि स्कोडा रॅपिड या गाड्या तिच्याच सांगाड्यावर उभ्या होत्या. त्यामुळे नेहमी लागणारे भाग अजून मिळतात.

म्हातारी वाटणारी गाडी

‘गाडीत आता पूर्वीची मजा राहिली नाही’ ही तक्रार पुष्कळदा इंजिनाची नसते. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरनंतर शॉक अॅब्सॉर्बर हळूहळू ढिले पडतात, सस्पेन्शनचे रबरी बुश तडकतात, टायरचे रबर कडक होते. बदल इतका सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला तो जाणवत नाही. टायरच्या कडेवर कोरलेल्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ असे आकडे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर गोव्याच्या पहिल्या पावसात घसरतो. चार चांगले टायर, चार शॉक अॅब्सॉर्बर आणि पुढचे बुश यांचा एकत्रित खर्च नव्या गाडीच्या तीन-चार हप्त्यांइतका येतो. हे काम करून दोन आठवडे गाडी चालवावी आणि मगच बदलण्याचा विचार पुढे न्यावा.

टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. हवा आत घेणाऱ्या झडपांवर पेट्रोल पडत नाही, म्हणून त्या धुतल्या जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचते. सकाळी इंजिन थरथरणे, ओढ मंदावणे ही लक्षणे त्यामुळेही असू शकतात. झडपांची सफाई हा उपाय आहे, इंजिन उघडणे नव्हे.

पेट्रोलमधील इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या मिश्रणाला टिकतील अशा नळ्या व सील नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून बसवले जाऊ लागले. पोलोचे उत्पादन त्याआधीच थांबलेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. दरवर्षी इंधनाच्या रबरी नळ्या व सील तपासून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. इथेनॉल हवेतील ओल शोषते. जहाजावर नोकरीला असलेल्या तारवट्यांच्या गाड्या सहा-आठ महिने दारात उभ्या असतात. त्यांनी जाताना घरच्यांना आठवड्याला एक लांब फेरी मारायला सांगून जावे.

खरा शत्रू गंज

गिअरबॉक्सचे बिल मोठे असते म्हणून त्याची चर्चा होते. गोव्यात गाडीचे आयुष्य ठरवतो तो गंज. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बाराही महिने समुद्राची खारी हवा हे मिश्रण पत्र्याला सोसत नाही. कळंगुट किंवा कोलवा परिसरात उघड्यावर राहिलेली गाडी आणि फोंड्यात छपराखाली राहिलेली त्याच वर्षीची गाडी शेजारी ठेवली तर वयात पाच वर्षांचे अंतर वाटावे.

गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहावी. दारांच्या खालच्या कडा, दारांखालचे उंबरठे, चाकांच्या कमानी, मागचा आस, ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि स्प्रिंग टेकतात त्या बैठका, एवढ्या जागी पेचकसाच्या मुठीने ठोकून बघावे. पापुद्रे निघत असतील पण खाली पत्रा घट्ट असेल, तर घासून, रसायन लावून, लेप देऊन काम भागते. पेचकस आत गेला तर गोष्ट वेगळी. सांगाड्याला भार सोसावा लागतो तेथे गंज पोचला असेल, तर ती गाडी कितीही सुरेख चालत असली तरी ठेवू नये. अपघाताच्या वेळी धक्का झेलण्याचे काम याच पत्र्याचे असते. पुराच्या पाण्यात आसनापर्यंत बुडालेल्या गाडीचेही तेच : तिच्या तारांच्या जोडांत शिरलेली ओल दोन-तीन वर्षे वेगवेगळ्या रूपांत बिले काढत राहते.

थोडक्यात, मोडलेला भाग बदलता येतो. कुजलेला सांगाडा कुणी बदलून देत नाही.

आकडे काय सांगतात

चार लाखांची गाडी, तिच्यावर दीड लाखाचा खर्च कशाला, हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. तो ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात तुलनाच चुकीची आहे. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करायची नसते. पुढील वर्षभर नवी गाडी वापरण्यासाठी जे मोजावे लागेल त्याच्याशी करायची असते.

समजा, नवी गाडी सर्व खर्चासह अठरा लाखांना पडली. जुनी चार लाखांना गेली, चार लाख पदरचे घातले आणि दहा लाख कर्ज काढले. नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता २०,७५८ रुपये. एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार. त्यातले सुमारे ८३ हजार पहिल्याच वर्षी. आता घसारा. विमा कंपन्या गाडीची विमामूल्ये ठरवण्यासाठी जे कोष्टक वापरत आल्या आहेत, त्यात वर्ष उलटले की २० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के मूल्य वजा होते. शोरूमची किंमत सोळा लाख धरली तर एका वर्षात ३ लाख २० हजार गेले. व्याज आणि घसारा मिळून पहिल्या वर्षाचा खर्च चार लाखांवर. त्याच्यापुढे दीड लाखाचा मेकॅट्रॉनिक स्वस्त ठरतो, आणि तो दर वर्षी बदलावा लागत नाही.

इंधनाच्या बचतीचा मुद्दाही तपासून पाहावा. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १४ ऐवजी १७ किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे १२६ लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी १२,६०० रुपये. एका महिन्याचा हप्ताही त्यात निघत नाही.

कराची बाजू २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलली. चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. मोठ्या गाड्यांवरील पूर्वीचा अधिभार गेल्याने त्याही थोड्या स्वस्त झाल्या, पण छोट्या गाड्यांना लाभ जास्त मिळाला. गंमत अशी की १११९७ सीसी नव्हे, अवघ्या ११९७ सीसीचे इंजिन असलेली पोलो जीटी टीएसआय आज नवी मिळाली असती, तर ती स्वस्त गटात बसली असती.

पैशाने न सुटणारा भाग

या हिशेबावरून जुनी गाडी ठेवावी असेच कुणालाही वाटेल. एक गोष्ट मात्र हिशेबाच्या बाहेर आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने पोलोची चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या गाडीला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार. त्यानंतर दोन एअरबॅग सर्व पोलोंत आल्या. व्हर्टसला २०२३ मध्ये प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. चार आणि पाच यांतले अंतर एकाच ताऱ्याचे दिसते, पण २०१४ ची चाचणी समोरच्या धडकेपुरती होती. २०२२ च्या नियमांत बाजूने होणारी धडक आणि घसरण रोखणारी प्रणाली यांचाही विचार झाला. व्हर्टसमध्ये सहा एअरबॅग आहेत. पोलो जीटी टीएसआयमध्ये घसरण रोखणारी प्रणाली होती, ही तिची जमेची बाजू. इतर अनेक पोलोंत ती नव्हती.

एकटा किंवा दोघे जण प्रवास करणार असतील आणि सांगाडा निरोगी असेल, तर दोन एअरबॅगच्या पोलोत धोका पत्करल्याची भावना बाळगण्याचे कारण नाही. लहान मूल मागे बसून दर आठवड्याला राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून किंवा अनमोडच्या घाटातून जाणार असेल, तर बाजूच्या धडकेपासून संरक्षण देणारी गाडी घेणे हा चैनीचा खर्च राहत नाही. बदलण्याचे हे एकच कारण असे आहे की त्यापुढे वरचे सर्व आकडे बाजूला ठेवावेत. तशी गाडी नवीच हवी असे नाही. दोन-तीन वर्षे वापरलेल्या व्हर्टसवरचा सर्वांत मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

विकायचे ठरलेच तर

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर वस्तू व सेवा कर लागत नाही. वापरलेल्या गाड्यांचा नोंदणीकृत व्यापारी त्याच्या नफ्यावर १८ टक्के भरतो आणि तो देऊ केलेल्या किमतीत धरलेला असतो. म्हणून ओळखीत ग्राहक मिळाला तर थोडे जास्त हाती येतात. जीटी टीएसआयला हौशी ग्राहक असतोच, मात्र तो सर्व्हिसच्या नोंदी मागतो. गिअरबॉक्सच्या कामाची पावती लपवू नये. नवा मेकॅट्रॉनिक बसवलेली गाडी अशा ग्राहकाला अधिक भरवशाची वाटते.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून वाहतूक खात्यात हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत विक्री झाली असे मानू नये. राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास चौदा दिवसांत कळवणे विक्रेत्याचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी बेळगाव किंवा पुण्याच्या ग्राहकाला जात असेल तर ना-हरकत दाखला आधी काढावा. जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करावा.

विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचतो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून वजा होतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे लागते. ते तीन वर्षे चालते, त्यामुळे नवी गाडी लगेच घ्यायची नसली तरी ते काढून ठेवावे.